गुऱ्हाळाच्या चिमणीपासून गोबर गॅसच्या विहिरीपर्यंत : जमिनीत पुरलेल्या गरम पाण्याच्या लाइनच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात भोगावती नदीच्या काठी असलेल्या या शेतात गुऱ्हाळघर आणि गोठा एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. गोठ्यालगत तरंगत्या लोखंडी टाकीचा, रोज दहा घनमीटर गॅस देण्याच्या क्षमतेचा गोबर गॅस प्रकल्प आहे. थंडीत प्रकल्पाच्या विहिरीतील शेणकाला, म्हणजे शेण-पाण्याचे मिश्रण, गार पडतो आणि गॅस घटतो. नेमक्या त्याच महिन्यांत गुऱ्हाळावर माणसे वाढलेली असतात आणि स्वयंपाकाला गॅस जास्त लागतो. दुसरीकडे चुलवाणाच्या, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या चुलीच्या, चिमणीतून दिवसभर उष्णता वाया जात असते. चिमणीच्या पायथ्याशी पाणी तापवावे, ते जमिनीखालून गोठ्यापर्यंत न्यावे, विहिरीत बसवलेल्या वेटोळ्यातून फिरवावे आणि परत आणावे, असा हा साधा बेत आहे. गुऱ्हाळाचा हंगाम आणि थंडीचे दिवस एकाच वेळी येतात, हीच या बेताची जमेची बाजू आहे.

गुळव्याने पहिल्याच भेटीत आपली अट सांगून टाकली : "चुलवाणाची ओढ कमी झाली तर आधण येळंत उतरत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा." ओढ म्हणजे चिमणीने हवा खेचणे आणि आधण म्हणजे एका वेळी उकळायला ठेवलेला उसाचा रस. त्याची अट योग्यच आहे. गूळ हा इथला मुख्य धंदा असून गोबर गॅस ही जोड आहे, त्यामुळे चिमणीतून किती उष्णता घ्यायची हे गोबर गॅसच्या गरजेवरून ठरेल. मिळते तेवढी सगळी ओढून घ्यायची, असे इथे करता येणार नाही.

१२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा असूनही गरजेचा हिशेब कागदावर मांडला. प्रकल्पात रोज सुमारे २५० किलो शेण आणि तेवढेच पाणी जाते. हा ५०० किलो काला २२ अंशांवरून ३४ अंशांपर्यंत नेण्यासाठी रोज सुमारे ७ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते. विहिरीच्या भिंतीतून, तळातून आणि लोखंडी टाकीच्या पाठीवरून जाणारी उष्णता यापेक्षा बरीच जास्त असणार. गुऱ्हाळ दिवसाकाठी आठेक तास चालते असे धरले, तर त्या वेळेत सरासरी पाच किलोवॉट विहिरीपर्यंत पोहोचले पाहिजेत. मिनिटाला ८ लिटर पाणी फिरवले आणि जाताना ५५ अंश व परतताना ४५ अंश तापमान ठेवले, तर साडेपाच किलोवॉट मिळतात. एवढ्यासाठी बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाचा पाइप पुरेसा आहे. त्यात पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर राहतो, आणि जाऊन-येऊन शंभर मीटर लांबीत जेमतेम सव्वा मीटर उंचीइतका दाब खर्ची पडतो. पाणी फिरवणारा लहान पंप हे काम सहज करील.

यानंतरचा हिशेब अधिक बोलका निघाला. हाच पाइप काहीही न गुंडाळता ओल्या काळ्या मातीत पुरला, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही लाइनी मिळून चराच्या दर मीटरला ८० ते ९० वॉट उष्णता मातीला देतील. चर ४६ मीटर लांब आहे, म्हणजे जवळजवळ चार किलोवॉट वाटेतच संपतील आणि विहिरीच्या वाट्याला उरलीसुरली ऊब येईल. त्याच पाइपावर २५ मिलिमीटर जाडीचे कोरडे नायट्रिल रबराचे आवरण असेल, तर दोन्ही लाइनींची उष्णतेची गळती दर मीटरला ११ वॉटच्या आसपास राहते आणि पूर्ण चरात अर्धा किलोवॉट जातो. म्हणजे पाइपापेक्षा आवरणावर, आणि आवरणापेक्षा ते कोरडे ठेवण्यावर जास्त विचार करावा लागणार आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

पाइप कोणता घ्यायचा यावर मालकांशी सविस्तर चर्चा झाली. शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर काळ्या एचडीपीई (एक प्रकारचे पॉलिइथिलीन) पाइपाचे बंडल असते. नदीवरून पाणी उचलण्यासाठी, ठिबकच्या मुख्य लाइनीसाठी ते वर्षानुवर्षे वापरले जाते. तो पाइप चांगला आहे, स्वस्त आहे, आणि त्यात मिसळलेल्या काजळीमुळे उन्हातही टिकतो. मात्र त्याच्यावर छापलेला दाब २० अंशांच्या पाण्यासाठी असतो. पाणी ४० अंशांचे झाले की त्या दाबाला ०.७४ ने गुणावे लागते, आणि ५५ अंशांचे पाणी वर्षानुवर्षे वाहून नेण्यासाठी तो बनवलेलाच नाही. सुरुवातीचा हंगाम तो निभावून नेईल. पुढे जोडाजवळ फुगेल किंवा ताण असेल तिथे चिरेल, आणि तेही जमिनीखाली.

सीपीव्हीसी, म्हणजे जादा क्लोरीन असलेल्या पीव्हीसीचा पाइप, गरम पाण्याला चालतो, परंतु तो सरळ नळ्यांमध्ये मिळतो. ४६ मीटरच्या दोन लाइनी म्हणजे मातीखाली सोल्युशनने चिकटवलेल्या जोडांची रांग, आणि ही काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. प्रत्येक जोड हे त्या हालचालीला दिलेले आमंत्रण ठरेल.

म्हणून पेक्स पाइप ठरवला. हेही पॉलिइथिलीनच आहे, पण त्यातील रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी आडव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे तापल्यावरही ते सैल पडत नाही. तो बंडलात मिळतो, वाकतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड टाकता येतो. मातीखाली एकही जोड असू नये, ही अट मी या कामात सर्वांत वर लिहिली आहे आणि बाकीचे निर्णय तिच्या मागून घेतले आहेत.

बाजारात या पाइपाचा प्राणवायू रोखणारा थर असलेला प्रकारही मिळतो. प्लॅस्टिकच्या भिंतीतून हवेतील प्राणवायू हळूहळू पाण्यात झिरपतो आणि लोखंडी बॉयलर गंजवतो, म्हणून बंद यंत्रणेत तो थर आवश्यक असतो. आमची पाण्याची टाकी मात्र हवेला उघडीच राहणार आहे. तिथून प्राणवायू पाण्यात जाणारच, त्यामुळे त्या थरासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी यंत्रणेत गंजणारा एकही भाग ठेवायचा नाही, असे ठरवले : टाकी आणि चिमणीतील वेटोळे स्टेनलेस स्टीलचे, जोड पितळेचे, पंपाचे अंगही पितळेचे किंवा स्टीलचे. बिडाच्या ओतकामावर नाव कमावलेल्या या जिल्ह्यात बिडाचा नसलेला पंप शोधत फिरावे लागले, याची गंमत वाटल्याशिवाय राहिली नाही.

२६ ऑक्टोबर २०२४

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून खरेदी झाली. एका दुकानात पांढऱ्या रंगाचे दुसरेच बंडल "गरम पाण्याचे" म्हणून पुढे करण्यात आले, पण त्याच्या अंगावर ना मानकाचा क्रमांक होता ना वापराचा वर्ग (पाइप कोणत्या तापमानाच्या कामासाठी आहे ते सांगणारा). रंगावरून काहीच ठरत नाही, पाइपावरील छापील ओळ वाचावी लागते. आम्ही घेतलेल्या पाइपावर आयएसओ १५८७५, व्यास व भिंतीची जाडी, वापराचा वर्ग, आणि दर मीटरला लांबीचा आकडा छापलेला आहे. शंभर मीटरचे एक बंडल लाइनींसाठी आणि पन्नास मीटरचे दुसरे विहिरीतील वेटोळ्यासाठी घेतले. चराचा मार्गही या शंभर मीटरच्या मापातच आखला आहे : ४६ मीटर चर आणि दोन्ही टोकांना वर येण्यासाठी दोन-दोन मीटर, म्हणजे प्रत्येक लाइन बरोबर पन्नास मीटरची. गोठ्याला वळसा घालून जाणारी वाट खणायला सोपी होती, परंतु तिथे लांबी वाढून मध्ये जोड घ्यावा लागला असता, म्हणून ती सोडून दिली.

बंडल गुऱ्हाळाच्या आतल्या खोलीत, वेष्टनासह, टोकांच्या टोप्या न काढता ठेवले आहे. काळ्या पाइपासारखी उन्हाची सोय याला नसते. अंगणात महिनोन्‌महिने उघडे पडले तर दिसायला चांगले असलेले बंडलही ठिसूळ होऊ लागते.

८ नोव्हेंबर २०२४

परतीच्या पावसाने माती चिकट झाल्याने दिवाळी होईपर्यंत थांबलो होतो. आज चर पूर्ण झाला. थंड देशांतील पुस्तकांत असा पाइप गोठणाऱ्या थराच्या खाली पुरा, असे सांगितलेले असते. कोल्हापुरात जमीन गोठत नाही, त्यामुळे इथली खोली नांगराचा फाळ आणि उसाची ट्रॉली यांवरून ठरते. शेतातून ६० सेंटिमीटर, आणि जिथे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चर ओलांडतो त्या वाटेवर ९० सेंटिमीटर खोली ठेवून वर सिमेंटच्या नळ्यांचे कवच दिले. चराला गुऱ्हाळापासून गोठ्याकडे अखंड उतार ठेवला आहे. मधेच चढ राहिला तर तिथे हवा अडकते आणि पाणी फिरेनासे होते.

तळाला दहा सेंटिमीटर वाळू टाकली. काळ्या मातीत खणलेला वाळूचा चर पावसाळ्यात नकळत गटाराचे काम करतो, गुऱ्हाळाच्या धुण्याचे पाणी त्यातून थेट विहिरीच्या भिंतीपर्यंत जाऊ शकते. म्हणून दोन्ही टोकांना आणि मध्ये एका ठिकाणी चराच्या पूर्ण उंचीचा, चिकण मातीचा ठोकून बसवलेला बांध घेतला जाईल.

१२ नोव्हेंबर २०२४

बंडल उलगडण्याचे काम दुपारी उन्हात केले. सकाळच्या गारव्यात हा पाइप अंगात वारे भरल्यासारखा वागतो, तापल्यावर मवाळ होतो. बंडल जमिनीवर आडवे ठेवून आतले टोक ओढत सुटणे ही नेहमीची पद्धत आहे, आणि तीच सर्वांत वाईट. त्यात प्रत्येक वेढ्यामागे पाइपाला एक पीळ बसतो आणि तो पीळ पुढे कुठेतरी घडी होऊन बाहेर पडतो. आम्ही बाहेरचे टोक चराच्या सुरुवातीला खुंटीला सुतळीने बांधले, बंडल उभे केले आणि दोघांनी ते चराच्या कडेने गडगडत पुढे नेले. बांधलेल्या पट्ट्या एकदम कापल्या नाहीत. बाहेरच्या वेढ्यावरची एक पट्टी कापायची, तेवढे वेढे सोडायचे, मग पुढची. पट्टी कापताना तोंड बाजूला ठेवायला प्रत्येकाला बजावले होते, कारण दाबून ठेवलेले वेढे सुटताना टोक चाबकासारखे फिरते. गड्यांपैकी एकाने पहिल्या पट्टीच्या वेळी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या पट्टीपासून स्वतःच इतरांना मागे सारू लागला.

पन्नासच्या आकड्यावर पाइप कापला. कापण्यासाठी पाइप-कात्री वापरली. करवतीने कापला तर भुसा आत राहतो आणि पंपात किंवा मिश्रण-झडपेत (गरम पाण्यात गार पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणाऱ्या झडपेत) जाऊन अडकतो. दोन्ही लाइनींवर दर दोन-तीन मीटरला वाळूच्या पिशव्या ठेवून त्या रात्रभर तशाच राहू दिल्या. सकाळपर्यंत बंडलाचा बाक पूर्ण जात नाही, मात्र आवरण चढवण्याइतका पाइप सरळ होतो. वाकवताना त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या आठपटीपेक्षा कमी होऊ दिली नाही, म्हणजे २० सेंटिमीटरपेक्षा घट्ट वळण कुठेही नाही.

१५ नोव्हेंबर २०२४

आवरण चढवले. नायट्रिल रबराच्या नळ्या दोन-दोन मीटरच्या येतात. त्या टोकाकडून सरकवत नेऊन प्रत्येक सांधा चिकटवला आणि वरून पट्टी मारली. उसाच्या शेतात उंदीर आणि घुशी भरपूर असतात व मऊ रबर त्यांना आवडते, शिवाय पावसाळ्यात पाणी साचते. म्हणून प्रत्येक आवृत लाइन केबलसाठी वापरल्या जाणाऱ्या, बाहेरून १२० मिलिमीटर व्यासाच्या दुहेरी भिंतीच्या नालीदार नळीतून घेतली. ४६ मीटरच्या तयार नळीतून रबर चढवलेला पाइप ओढत नेला असता तर रबर घासून गोळा झाले असते. त्यामुळे सहा-सहा मीटरचे तुकडे लाइनीवरून एकामागून एक सरकवले आणि रबरी रिंग असलेल्या कपलिंगने जोडले. हे जोड पाण्याच्या दाबाचे नाहीत, बाहेरचे पाणी अडवण्यापुरते आहेत. दोन लाइनींना दोन स्वतंत्र नळ्या दिल्याने जाणारे गरम पाणी येणाऱ्या पाण्याला वाटेतच ऊब देत बसणार नाही. नळ्यांची चारही टोके जमिनीच्या वर आणून रबरी टोप्यांनी बंद केली.

प्रसरणाचा विचार इथेच करावा लागतो. दर मीटर, दर अंशाला ०.१५ मिलिमीटर या मानाने पन्नास मीटरची मोकळी लाइन ३५ अंशांनी तापल्यावर २६ सेंटिमीटर लांबते. सुदैवाने हे प्लॅस्टिक लोखंडासारखे कडक नाही. दोन्ही टोके पक्क्या पट्ट्यांनी भिंतीला धरून ठेवली तर माझ्या हिशेबाने पन्नास-साठ किलोंचा रेटा येतो आणि तो पट्टीला सहज झेपतो. लाइन नळीत थोडी नागमोडी राहू दिली आहे. पितळी जोडावर मात्र हा रेटा येऊ नये, म्हणून पक्की पट्टी जोडाच्या अलीकडे आहे.

१८ नोव्हेंबर २०२४

चर उघडा असतानाच दाबाची चाचणी घेतली. हातपंपाने ६ किलो दाब दिला, आणि अर्ध्या तासात काटा पाचच्या खाली आला. ही गळती नसते. पाइप दाबाखाली किंचित फुगतो आणि आतला दाब उतरतो. दाब पुन्हा पूर्ण करून घेतल्यावर घसरण मंदावली आणि त्यानंतर काटा रात्रभर जवळजवळ जागेवर राहिला. हे माहीत नसलेला माणूस पहिल्या अर्ध्या तासात चांगली लाइन कापायला निघेल. चाचणीनंतर दाब तसाच ठेवून चाळलेली माती भरली, म्हणजे भरताना फावडे लागले तर काट्यावर लगेच कळेल. अर्ध्या खोलीवर पिवळी इशारा-पट्टी टाकली.

२३ नोव्हेंबर २०२४

विहिरीतील वेटोळे बसवले. लोखंडी टाकी चेन-पुलीने उचलण्याआधी गॅस पूर्ण सोडून दिला, आसपास विडी-काडीला सक्त मनाई केली, आणि माणूस विहिरीत उतरणार नाही असे काम आखले. शेणकाल्यावरच्या हवेत प्राणवायू नसतो आणि माणूस आत कोसळला तर त्याच्यामागे उतरणाराही कोसळतो. म्हणून वेटोळे बाहेर, अंगणातच तयार केले. चरात ज्या बाकाने त्रास दिला तोच बाक इथे उपयोगी पडला. दोन मीटर व्यासाचे वेढे पाइप जणू स्वतःहून घेतो. त्यांना फक्त चार उभ्या स्टेनलेस पट्ट्यांवर हाताच्या वितीइतक्या अंतराने बांधायचे होते. गॅसमधील हायड्रोजन सल्फाइड साधे लोखंड खातो, म्हणून तारही स्टीलचीच वापरली. शेणकाल्यात बुडालेल्या या पाइपातून दर मीटरला साधारण १२० वॉट बाहेर पडतात, त्यामुळे पाच किलोवॉटसाठी चाळीस मीटरहून अधिक लांबी लागते. उरलेली लांबी भिंतीवरून वर येण्यासाठी वापरली, आणि सांधा शेणकाल्यात कुठेही ठेवला नाही.

३० नोव्हेंबर २०२४

चिमणीच्या पायथ्याचे स्टीलचे वेटोळे आणि त्याच्या वर ३०० लिटरची टाकी बसली. वेटोळे आणि टाकी यांच्यामध्ये एकही झडप नाही आणि टाकी हवेला उघडी आहे. वीज जाऊन पंप थांबला तर पाणी उकळेल, वाफ बाहेर जाईल, दाब कुठेही साठणार नाही. टाकीतील पाणी शंभर अंशांपर्यंत जाऊ शकते, आणि तेवढे तापमान पेक्सला सोसत नाही. म्हणून टाकीनंतर ५५ अंशांवर बांधलेली मिश्रण-झडप आहे आणि तिथपर्यंतचा सर्व भाग धातूचा आहे. झडपेची आणि पंपाला जोडणारी पितळी नळकांडी शिवाजी उद्यमनगरात लेथवर करून घेतली. पाणी भरण्यासाठी बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी टाळून साठवलेले पावसाचे पाणी वापरले, कारण चिमणीतील वेटोळ्यात खपली धरली तर ती काढण्यास जागा नाही.

६ डिसेंबर २०२४

पहिले तापणे झाले. प्लॅस्टिक तापल्यावर पितळी जोडाखाली थोडे दबते, म्हणून लाइन गार झाल्यावर दोन्ही टोकांचे नट पान्ह्याने पुन्हा आवळले. एक जोड पाव फेरा गेला, बाकीचे जागेवर होते. पाइपाच्या टोकात पितळी आधार-नळी घातलेली असल्याने आवळताना तो चेपला नाही. गुळव्याला विचारले असता ओढीत फरक जाणवत नसल्याचे त्याने सांगितले, आणि आधणाच्या वेळाही नेहमीच्याच आहेत.

विहीर एकदम तापवायची नाही. गॅस तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना दिवसाला एका अंशापेक्षा मोठा बदल मानवत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यात पंप दिवसातून काही तासच चालवला जाईल.

२८ डिसेंबर २०२४

शेणकाल्याचे तापमान २३ अंशांवरून ३१ अंशांवर आले आहे आणि वाढ आता मंदावली आहे. लाइनीच्या दोन टोकांमधील फरक मोजण्यासाठी एकच तापमापक आधी इकडे आणि मग तिकडे, रबराखाली पाइपाला चिकटवून वापरला. दोन वेगळ्या तापमापकांमधील आपापसातला फरकच इथे लाइनीतील उष्णतेच्या घटीपेक्षा मोठा ठरला असता. जाणाऱ्या लाइनीत अर्ध्या अंशाच्या आसपास घट दिसते, आणि ऑक्टोबरमधील हिशेबही तेच सांगत होता. नळ्यांच्या खालच्या टोकाची टोपी काढून बोट घातले, आतून कोरडे आहे. खरी परीक्षा जूननंतर होईल.

१८ जानेवारी २०२५

सकाळी गॅसची लोखंडी टाकी पूर्ण वर आलेली असते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकापर्यंत गॅस पुरतो. हंगाम संपल्यावर लाइन रिकामी करायची नाही, पाण्याने भरलेलीच ठेवायची. फक्त पंपाची वीज तोडायची आणि पाण्याच्या टाकीवर झाकण लावायचे. चराच्या मार्गावर सिमेंटचे खुंट रोवले आहेत. विहिरीच्या उत्तरेकडील कोपऱ्यापासून प्रत्येक खुंटाचे अंतर आणि तिथली खोली लिहिलेला नकाशा प्लॅस्टिकमध्ये घालून गुऱ्हाळाच्या दारामागे लावला आहे, आणि त्याची एक प्रत वाटेवरून जेसीबी चालवणाऱ्या शेजाऱ्यांकडे दिली आहे.